कौसल्याबाईंचं ‘पाहून येतो’

सौंसरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा पांढुर्ण्याहून निघताना आईने दोन गोष्टी बजावल्या. एक, शाळेच्या मोठ्या बाईंना उलट बोलायचं नाही. दुसरी, त्या घाटोडेबाईंच्या नादी लागायचं नाही. घाटोडेबाईंचं नाव पांढुर्ण्यापर्यंत पोचलं होतं ते नेमकं कशासाठी, हे आईला नीट सांगता येईना. "ती बाई कुठंही जाते," एवढंच ती म्हणाली आणि माझ्या पिशवीत लाडवांचा डबा कोंबला.

सौंसरला पोचले, तर शाळेने माझी राहायची सोय घाटोडेबाईंच्याच शेजारच्या खोलीत केलेली. मधे फक्त एक कुडाची भिंत. मी ट्रंक टेकवते न टेकवते तोच दारात एक उंच, सावळी, काटक बाई येऊन उभी राहिली. वय पस्तिशीच्या आसपास. लुगडं चार बोटं वर नेसलेलं आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट.

"तू विमल ना? चाल, नाल्यापलीकडे काय आहे ते पाहून येऊ."

"आत्ता? मी अजून हातपायही धुतले नाहीत."

"नाल्यात पाणीच आहे," त्या म्हणाल्या.

आईची दुसरी सूचना अशी पहिल्याच संध्याकाळी निकालात निघाली.

‘पाहून येतो’ हा घाटोडेबाईंचा, म्हणजे कौसल्याबाईंचा, शब्द. आमच्या भागात बायकाही स्वतःबद्दल ‘येतो, जातो’च बोलतात. बाजारात कुठे गर्दी दिसली की त्या म्हणायच्या, "थांब, पाहून येतो." रस्त्याला नवी पायवाट फुटलेली दिसली की तेच. पावसाळ्यात छत्री घ्यायच्या नाहीत, उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या घ्यायच्या नाहीत, आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, लागलं तर मिळेल. आश्चर्य म्हणजे बहुतेक वेळा मिळायचंही. त्यांनी पाणी मागितलं आणि कुणी नाही म्हटलं, असं मी पाहिलं नाही. मागण्याची त्यांना लाजच नव्हती.

वर्गात त्या भूगोल शिकवायच्या. सातपुड्याचा धडा आला की पुस्तक मिटायला लावून मुलींना उत्तरेच्या खिडकीशी उभं करायच्या. तिथून लांबवर डोंगराची निळी रेघ दिसायची. "हा सातपुडा. पुस्तकातला नाही, हा," असं म्हणून मग कितीतरी वेळ त्या स्वतःच तिकडे पाहत राहायच्या. मुली आपसात बोलायला लागल्या तरी त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

स्वातंत्र्य नवं होतं तेव्हाची गोष्ट. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन, पाहुणे म्हणून तालुक्याचे एक मोठे अधिकारी आलेले. झेंडा अर्ध्यावर गेला आणि दोरी कप्पीत अडकली. वर होईना, खाली येईना. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. शिडी कुणाकडे असेल याची कुजबुज सुरू झाली, तेवढ्यात खांबाला लागून असलेल्या कडुलिंबाच्या झाडावर कौसल्याबाई निम्म्या चढलेल्याही होत्या. फांदीवर आडव्या होऊन त्यांनी दोरी सोडवली. झेंडा वर जाऊन फडकला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, राष्ट्रगीत झालं, पाहुणे भाषणाला उभे राहिले. कौसल्याबाई मात्र वरच. चढताना ज्या फांदीवर पाय दिला होता ती मोडली होती आणि खाली यायला दुसरी वाट नव्हती. पाहुणे देशाच्या भवितव्यावर बोलत होते, मुली झाडाकडे पाहत होत्या, आणि बाई फांदीवर पाय जुळवून, डोक्यावर पदर घेऊन, मन लावून भाषण ऐकत होत्या. कार्यक्रम संपल्यावर तेलाच्या दुकानातून शिडी आणून त्यांना उतरवलं.

संध्याकाळी मी त्यांच्या खरचटलेल्या हातांना हळद लावत होते. म्हटलं, "उतरायचं कसं, याचा विचार नाही केला?"

"चढताना तो विचार आला असता तर चढली असती का मी?" त्या म्हणाल्या. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

आठवडी बाजाराच्या दिवशी मोहगावहून त्यांचे सासरे यायचे. त्यांना सगळे मामाजी म्हणत. संत्र्याची छोटी बाग, पांढरं धोतर, बोलणं मोजकं. कौसल्याबाईंचा नवरा लग्नानंतर वर्षाच्या आतच तापाने गेला होता. तेव्हा त्या अगदीच पोर होत्या. पुढे त्यांना नागपूरला शिक्षिकेच्या शिक्षणाला पाठवलं ते या मामाजींनी. याहून जास्त मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मामाजी यायचे, सुनेच्या खोलीबाहेर खाटेवर बसायचे, संत्री ठेवायचे, आणि जाताना दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "कुठं जाशीन तर सांगून जाजो." त्या हो म्हणायच्या.

त्या वर्षी दिवाळीची सुटी संपवून मी पांढुर्ण्याहून परतले, तर त्यांच्या दाराला कुलूप आणि दारासमोर मामाजी बसलेले. सुटीचे शेवटचे दोन दिवस सून मोहगावला येणार म्हणून त्यांनी वाट पाहिली. आली नाही, म्हणून ते इकडे आले. शेजारीपाजारी कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटी आम्ही स्टेशनवर गेलो. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या त्या छोट्या स्टेशनात तिकीट देणाऱ्या बाबूंना आठवलं: परवा सकाळी बाईंनी कुकडीखाप्याचं तिकीट काढलं होतं. हातात पिशवीही नव्हती, फडक्यात बांधलेली एक भाकर होती.

कुकडीखापा म्हणजे घाटातलं स्टेशन. आजूबाजूला डोंगर, दरी आणि जंगल. तिथे पाणी कड्यावरून खाली पडतं, ते गाडीतून येता-जाता लोक पाहतात. उतरून कुणी पाहायला जात नसे. अस्वलं होती, बिबटे होते.

मामाजी स्टेशनवरच बसले. वर घाटात निरोप गेला होता, रूळ सांभाळणारे गँगमन शोधत होते, म्हातारा माणूस याहून जास्त काय करणार. मी चहा घेऊन गेले.

"मामाजी, घरी चला. आता गाडी संध्याकाळीच आहे."

"असू दे. घरी जाऊन तरी मी काय करून राहिलो असतो?"

"त्या आल्या म्हणजे त्यांच्यावर रागावू नका."

"आली म्हणजे कायचा राग, बाई? राग तर आता येऊन राहिला, ती दिसत नाही म्हणून."

संध्याकाळच्या गाडीने त्या आल्या. एका गँगमनने हात धरून उतरवलं. तोंडावर ओरखडे, उजवा पाय पानं आणि चिंध्यांनी जाडजूड बांधलेला, आणि एका हातात सीताफळांची टोपली. प्लॅटफॉर्मवर बघ्यांची गर्दी जमली होती. मामाजींनी आधी पायाकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्यांच्या हातातली टोपली घेतली.

"जेवली का?"

"नाही."

"चाल मग."

बस, एवढंच. मग दोघंही बैलगाडीत बसले.

झालं होतं ते असं. कड्यावरून पडलेलं पाणी पुढे कुठे जातं ते पाहायला बाई ओढ्याच्या काठाकाठाने खाली उतरत गेल्या. शेवाळावरून पाय घसरून घोटा मुरगळला. परतायला वाट सापडेना. भाकर दुपारीच संपली होती, काडीपेटी नव्हती. दोन रात्री त्यांनी जंगलात काढल्या. चुकलेल्या गाईमागे फिरणाऱ्या फुलवती नावाच्या गोंड बाईला त्या दिसल्या. तिने त्यांना पाठीवर घेऊन आपल्या घरी नेलं, पेज पाजली, पायाला पाला बांधला आणि स्टेशनवर कळवलं. निघताना सीताफळंही तिनेच दिली.

सौंसरात मग दोन तट पडले. कापडदुकानं, कचेरी, पाणवठा, जिथे जावं तिथे हाच विषय. मोठ्या बाई म्हणाल्या की ही शिक्षिकेला शोभणारी वागणूक नाही. कुणी म्हणालं, विधवा बाई, घरी कुणी विचारणारं नाही, दुसरं काय होणार. पण कचेरीतले तरुण कारकून म्हणत की स्वतंत्र देशात बायका अशाच हव्यात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, विधवा असूनही, बायांनी त्यांना मुद्दाम बोलावून मधे बसवलं आणि सगळं सांगायला लावलं.

आणि त्या सांगायच्या फार छान. पहिल्यांदा जरा अडखळत सांगितलं असेल. मग वर्गात सांगितलं, मग दुसऱ्या वर्गातल्या मुलींनी हट्ट धरला. होता होता त्या गोष्टीला चांगलं वळण आलं. "अस्वल समोर आलं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही घाई होती." मुली हसून हसून लोळायच्या. रात्रीच्या चांदण्या होत्या, पाण्याचा आवाज होता, सीताफळांचा वास होता. कुडाच्या भिंतीपलीकडून मात्र मला त्या दिवाळीनंतर कितीतरी दिवस त्यांचं झोपेतलं कण्हणं ऐकू यायचं. ते या गोष्टीत नव्हतं. मला ते खटकायचं, पण त्यांचा चेहरा सांगताना इतका उजळलेला असायचा की विषय काढावासा वाटला नाही.

सुमन नावाची एक मुलगी होती. कापडदुकानवाल्या नारायणरावांची थोरली, चौदा वर्षांची, अंगाने किरकोळ, वर्गात पहिल्या बाकावर. बाई बोलायला लागल्या की हिचे ओठ त्यांच्याबरोबर हलायचे. माघातल्या एका सकाळी ती शाळेत आली नाही. घरच्यांना वाटलं शाळेत आहे, आम्हाला वाटलं घरी आहे. मधल्या सुटीत तिची धाकटी बहीण सहज बोलून गेली की ताईने आज फडक्यात भाकर बांधून घेतली.

कौसल्याबाईंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्या धावतच स्टेशनवर गेल्या. बाबू म्हणाले, हो, सकाळच्या गाडीने एक मुलगी गेली. मावशीकडे चालले म्हणाली. कुकडीखाप्याचं तिकीट.

दुपारच्या गाडीला अजून वेळ होता. त्या वेळात कौसल्याबाईंनी जे केलं ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल. मोठ्या बाईंकडे जाऊन कुठे चाललो, कोण बरोबर, केव्हा परतू, सगळं सांगितलं. नारायणरावांना दुकानातून उठवलं. बाजाराचा दिवस होता, मामाजी आलेले होते, त्यांना बरोबर घेतलं. कंदील, रॉकेल, दोरी, दोन घोंगड्या, भाकरी, गूळ, आयोडीनची बाटली. गाठी मी बांधल्या.

पुढचं मला मामाजींनी सांगितलं. फुलवतीच्या वस्तीतली माणसं मशाली घेऊन निघाली. ओढ्याच्या दोन्ही काठांनी हाका मारत सगळे हिंडले. उत्तर आलं नाही. उजाडल्यावर फुलवतीलाच एका खडकाच्या आडोशाला निळ्या परकराचं टोक दिसलं. सुमन वरून घसरून पडली होती. डावं कोपर मोडलं होतं, थंडीने ओठ काळेनिळे झाले होते, पण शुद्धीवर होती. मामाजी म्हणाले, "आमी रात्री त्याच खडकाजवळून गेलो होतो, विमलबाई. हाका मारत गेलो. पोट्टी तिथंच होती अन् बोलली नाही."

तिला तशीच छिंदवाड्याच्या दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण तो पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. दवाखान्याच्या ओसरीवर नारायणराव कौसल्याबाईंना म्हणाले, "तुम्हाले लेकरू नाही, म्हणून असे खेळ सुचतात तुम्हाले." मामाजी काही बोलायला गेले, तर बाईंनी त्यांच्या हाताला धरून त्यांना बसवलं.

सुमन घरी आल्यावर बाई तिला भेटायला गेल्या. एकटीने जायचा धीर होईना, म्हणून मला बरोबर नेलं. सुमनच्या आईने आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं, आणि ती दारातच उभी राहिली. सुमन खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, हात प्लास्टरमध्ये.

सुमननेच विचारलं, "बाई, तुम्हाले अस्वल दिसलं तेव्हा तुम्ही हसल्या होत्या?"

"नाही."

"मग?"

कौसल्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मी रडली. झाडाले मिठी मारून बसली होती. माझी आई मी लहान असताना गेली, तिला हाका मारल्या मी. दोन्ही रात्री. आवाज बसला होता माझा. फुलवतीनं मला पाहिलं तेव्हा मी तिचे पाय धरले."

"हे तुम्ही वर्गात नाही सांगितलं."

"नाही सांगितलं."

"का?"

"लाज वाटली, बेटा."

सुमन अगदी साध्या आवाजात म्हणाली, "लोक हाका मारून राहिले होते. मशाली दिसल्या मले. पण तुम्ही तर भ्याल्या नव्हत्या. मले वाटलं, मीच भित्री आहे. रडत सापडली तर तुम्हाले काय वाटेल, म्हणून मी गप्प राहिली."

दारातून सुमनच्या आईचा हुंदका ऐकू आला. कौसल्याबाई उठल्या, सुमनच्या खाटेजवळ खाली बसल्या, आणि तिच्या बऱ्या हातावर त्यांनी आपलं कपाळ टेकवलं. "भाकर एकच काहून नेली होती?" त्यांनी तसंच तोंड खाली ठेवून विचारलं.

"तुम्ही एकच नेली होती ना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे वर्ग पटांगणात एकत्र बसवले आणि ती गोष्ट पुन्हा सांगितली, पहिल्यापासून. या वेळी त्यात गढूळ पाणी होतं, रडणं होतं, ओली झालेली साडी होती, आणि कुणालाही न सांगता गेल्यामुळे कुणी शोधायला येणार नाही ही भीती होती. कुणी हसलं नाही. लहान मुली तर घाबरून एकमेकींना बिलगल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "मी गेली त्याचं मला वाईट वाटत नाही. न सांगता गेली आणि भ्याली नाही असं सांगत फिरली, याचं वाटते." मोठ्या बाईंनी तेव्हा चष्मा काढून पुसला. सुमनच्या प्रकरणावरून बाईंची चौकशी, खुलासा वगैरे जे चाललं होतं ते त्यानंतर कुणी पुढे रेटलं नाही.

पुढच्या वर्षी सुमन पुन्हा शाळेत यायला लागली. आणि कौसल्याबाई मुलींना घेऊन फिरायला निघायला लागल्या. आधी जामसांवळीच्या हनुमानापर्यंत, मग कन्हान नदीच्या काठाने, मग खुद्द कुकडीखाप्याला. आता त्यांच्या खांद्याला एक भलीमोठी खाकी झोळी असायची. दोरी, आयोडीन, चिंध्या, मेण लावलेल्या डबीत काड्या, गूळ, शिटी. प्रत्येक मुलीच्या आईकडून हो घेतल्याशिवाय गाडीत चढू द्यायच्या नाहीत. मी चिडवायची की तुम्ही आता फिरता दवाखाना झालात. कुकडीखाप्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा नारायणराव स्वतः आले. कंदील हातात घेऊन, भर दुपारी. धबधब्यापर्यंत काही ते उतरले नाहीत, स्टेशनवरच बसून राहिले. पण सुमनला जाऊ दिलं.

सुमन आता नागपुरात असते, नातवंडांची आजी झाली आहे. हाताबद्दल कुणी विचारलं तर ती सरळ म्हणते की मूर्खपणा केला होता. पण मग म्हणते, "पडायच्या आधी मी तो धबधबा अगदी एकटीनं पाहिला. तसा नंतर कधी दिसला नाही." हे मी तिच्याच तोंडून ऐकलं आहे, आणि यातलं कुठलं वाक्य जास्त खरं मानावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

कौसल्याबाईंचंही तसंच काहीसं होतं. एकदा कुकडीखाप्याहून परतताना, मुली गाडीत झोपलेल्या, त्या खिडकीतून बाहेर पाहत म्हणाल्या, "झोळी घेऊन गेलं की जंगल जरासं दूर उभं राहते, विमल. पण पोरी बरोबर आहेत. दूर राहिलेलंच बरं."

मी एकदा मोहगावला मामाजींच्या बागेत गेले होते. ते संत्र्याची कलमं बांधत होते. म्हटलं, "मामाजी, खरं सांगा. तुमच्या सूनबाई धीट की वेड्या?"

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "वेडीच. त्यात काय विचारणं," ते म्हणाले. कलमाला सुतळीचे दोन-तीन वेढे दिले. मग म्हणाले, "पण मी तिले नागपूरले पाठवलं तेव्हा तिच्यापाशी काय होतं? एक ट्रंक. शहर पाहिलं नव्हतं, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. भावकीतले म्हणाले, आधी घरी शिकव, तयार होऊ दे, मग पाठव. मी म्हटलं, तयार होईतोवर हिची उमर चुलीपुढे जाईन. लावून दिली तशीच." त्यांनी सुतळी दातांनी तोडली. "तवाही मी स्टेशनावर असाच बसून होतो. गाडी गेल्यावर लय वेळ बसलो होतो."

मग राज्यांची नवी वाटणी झाली. आमचं सगळं नागपूरशी जोडलेलं: कोर्ट, दवाखाना, लग्नाचा बस्ता, संत्र्याचा बाजार. नागपूर नव्या हद्दीच्या पलीकडे गेलं आणि सौंसर-पांढुर्णा अलीकडे राहिले. राजधानी भोपाळ झाली, जी आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. मराठी शाळांचं काय होणार, कुणाला ठाऊक नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत रोज हीच चर्चा. ज्यांना जमलं ते पलीकडे निघाले. माझं मधल्या काळात लग्न झालं होतं, यजमानांची नोकरी नागपूरला होती, मीही निघाले.

त्याच सुमाराला घाटावरच्या गोंड वस्तीत नवी शाळा निघायची होती. तिथे जायला कुणी तयार नव्हतं. कौसल्याबाईंनी अर्ज केला. मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या, "अहो, तुमची हिंदी म्हणजे आपलीच मराठी. आणि गोंडी तर तुम्हाला एक शब्द येत नाही. शिकवणार कसं?"

"तिथं गेल्यावर येईल," बाई म्हणाल्या.

त्यांचं सामान बांधायला मी होते. झोळी भरली. मच्छरदाणी घेतली, क्विनाईन घेतलं, दोन कंदील घेतले, पाट्या, खडू, सुई-दोरा. काही म्हणून विसरल्या नाहीत, भाषा तेवढी नव्हती. मामाजी तेव्हा सत्तरीचे असतील. ते बरोबर गेले, शाळेच्या खोपटावर कौलं चढेपर्यंत तिथे राहिले आणि मग एकटे मोहगावला परतले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. मला नागपूरला ते उशिरा कळलं.

कौसल्याबाईंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. छिंदवाड्याला एक लग्न होतं, म्हणून मी छोट्या गाडीने चालले होते. त्यांच्या शाळेजवळच्या भीमालगोंदीला इंजिन पाणी घ्यायला थांबायचं. मी आधी कळवलं होतं आणि त्या स्टेशनवर येणार होत्या. इतक्या वर्षांचं काय काय बोलायचं ते मी वाटेत मनाशी जुळवत होते.

गाडी थांबली तेव्हा त्या समोरच उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, आणखी वाळलेल्या. बरोबर एक तरुण गोंड बाई, तिच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर. मला पाहून त्या हसल्या, पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी त्या बाईला माझ्या डब्यात चढवलं.

"बरं झालं तू आली. हिले छिंदवाड्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचवून देजो. टांगेवाल्याले नीट सांगजो, नाहीतर तो कुठंही उतरवून देईन. मला शाळा सोडता येत नाही, माझ्याशिवाय तिथं कोणी नाही."

"आणि तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे. पोराच्या अंगावर पांघरूण राहू दे," त्या म्हणाल्या.

मग त्या खिडकीच्या गजांना धरून त्या बाईशी गोंडीत बोलायला लागल्या. अडखळत, शब्द शोधत, हातांनी खुणा करत. बोलता बोलता त्यांनी काहीतरी म्हटलं आणि ती बाई, इतक्या काळजीतही, खुदकन हसली. कौसल्याबाई गोंधळल्या. तोच शब्द त्यांनी पुन्हा म्हटला. तिने मान हलवली.

शिटी झाली. मी त्या बाईला हिंदीत विचारलं, काय म्हणताहेत बाई? ती म्हणाली, "लौटके जल्दी आना, ऐसा बोलना है उनको. पर बोल रही हैं, लौटके मत आना."

गाडी हलली. त्या बाईने खिडकीतून बाहेर झुकून तो शब्द नीट, सावकाश म्हणून दाखवला. कौसल्याबाई गाडीबरोबर चालायला लागल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहत तो म्हणत राहिल्या. एकदा चुकला. पुन्हा म्हटला. प्लॅटफॉर्म संपला तिथे त्या थांबल्या, तरी ओठ हलतच होते. वळणापाशी त्या बाईने हात वर करून जोरात मान डोलावली, की आता बरोबर, आणि दूरवर कौसल्याबाईंनीही हात वर केला.